अंगठ्याशिवाय उघडणारा चाकू

एक मिटता चाकू घ्यायला मला तीन दिवस आणि दोन तालुके लागले. हे कोणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग माझ्या उजव्या हाताकडे. म्हणून हाताचं आधीच सांगून टाकते. दीड वर्षापूर्वी बार्शीच्या घरी शेवग्याच्या शेंगा काढताना मी स्टुलावरून पडले आणि मनगट मोडलं. मनगट जुळलं, पण जुळता जुळता अंगठा हलवणारी शीर आतल्या आत तुटली. शस्त्रक्रिया झाली, व्यायाम झाले, आणि शेवटी डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवून 'आता आहे त्यात समाधान माना' असं सांगितलं. चार बोटं ठणठणीत आहेत, अंगठा मात्र रुसून बसलेल्या पाहुण्यासारखा बाजूला पडून असतो.

तेव्हापासून मी कल्याणला मुलीकडे, ऋताकडे राहत होते. ऋता प्रेमळ आहे आणि प्रेमळ माणसांशी भांडता येत नाही, हीच मोठी पंचाईत. मी सुरीकडे हात नेला की 'राहू दे आई, मी करते.' शेवटी शेवटी माझ्यापुढे संत्रंसुद्धा सोलून येऊ लागलं. त्यात बार्शीचं घर भाड्याने मागायला एक भला माणूस आला. ऋता म्हणाली, "आई, तुला एक लिंबू कापता येत नाही, एकटी कशी राहशील? देऊन टाकू घर. त्याला दोन-तीन दिवसांत कळवायचंय." मी म्हटलं, विचार करते. विचार करायला म्हणून मी शहापूरला गेले आणि तिथे मला चाकू घ्यायचा होता.

चाळीस वर्षं मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं. माझ्या पिशवीत खडू नसायचा, पण मिटता चाकू असायचा. डहाळी छाटायची, मुळाचा काप काढायचा, पेन्सिलीला टोक करायचं, सहलीत पंचवीस पोरींना दोन पेरू वाटायचे. घरातली सुरी घरातच राहते, मिटता चाकू माणसाबरोबर बाहेर पडतो. माझा पुन्हा बाहेर पडायचा बेत होता. तो बेत मी ऋताला सांगितला नाही, कारण तिने लगेच डबा आणि सोबतीला माणूस दिला असता.

शहापूर

शहापुरात मला घ्यायला वंदनाताई आल्या होत्या. आमची ओळख कल्याणच्या व्यायामाच्या खोलीतली. त्यांचा खांदा धरलेला, माझं मनगट. शेजारी शेजारी बसून आम्ही रबरी चेंडू दाबत असू आणि त्या त्यांच्या गावच्या गोष्टी सांगत. त्या किन्हवलीच्या. तालुक्याच्या कचेरीत तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या, त्यामुळे शहापुरातलं प्रत्येक दुकान त्यांना ओळखतं आणि त्यांना बघून प्रत्येक दुकानदार थोडा सावरून बसतो.

हार्डवेअरच्या दुकानात आम्ही चाकू मागितले. दुकानदाराने काचेवर फडकं पसरून माल मांडला. पहिला चकचकीत, सात पात्यांचा, त्यात एक कात्री आणि एक दातकोरणी.

"ही खाच बगा मॅडम. अंगठ्याचं नख घालाचं आन् ओढाचं. एकदम सिंपल."

"अंगठा नको," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं, मग बाहेर रस्त्याकडे बघितलं आणि काउंटरखालून एक पुडी काढली. आत खटक्याचा चाकू होता. "याला नख नाय लागत. बटन हाय. नुसता अंगठ्यानं दाबाचा." त्याने दाबला आणि पातं असं उसळून बाहेर आलं की मी एक पाऊल मागे गेले. "पन कुनाला दाखवू नका हां," तो हळूच म्हणाला.

"दाखवायचा नसेल तर मी पेरू कुठे कापू, कपाटात बसून?" मी विचारलं. शिवाय दाबायला तिथेही अंगठाच.

जावईबापूंनी ऑनलाइन मागवून दिलेला एक चाकू माझ्या पिशवीत होताच. जंगलात जाणाऱ्यांसाठीचा, काळा, दणकट. त्याच्या पात्याला एक गोल बोंडी असते, ती ढकलली की पातं उघडतं. कशाने ढकलायची, हे आता सांगायला नको. त्या दुकानात उभी असताना मला पहिल्यांदा कळलं की जगातले सगळे मिटते चाकू अंगठ्याच्या भरवशावर बनवलेले आहेत. चाळीस वर्षं मीही त्याच भरवशावर होते आणि कधी आभार मानले नव्हते.

"मॅडम, कशाला तरास करून घेता," दुकानदार म्हणाला. माणूस मनाने चांगलाच होता. "आता सगलं कापलेलं मिलतं. भाजीपन पाकिटात येते कापून."

मी नमस्कार करून बाहेर पडले. मला इतका राग आला होता की वंदनाताईंना माझ्या मागे जवळजवळ पळावं लागलं. मग म्हणाल्या, "बाई, उद्या आपन लोहाराकडं जाऊ. माज्या घरचा कोयता त्याचाच हाय. दोन वर्षं झाली, धार गेलेली नाय."

किन्हवली

सापगाववरून नदी ओलांडली की दोन्ही बाजूंना भातशेती लागते. भात कधीच झोडून झालेलं, खाचरांत नुसतं धसकट उभं आणि मधूनच जिथे पाणी आहे तिथे भेंडीचे हिरवेगार तुकडे. आमच्या बार्शीकडे शेत म्हटलं की नजर जाईल तिथवर सपाट. इथे प्रत्येक खाचराला बांध आणि बांधावर झाड. वर्गातल्या बाकांसारखी जमीन आखून दिलेली. पुढच्या बाजूला सह्याद्रीची भिंत दिसत होती आणि ती दिवसभर रंग बदलत राहिली.

वंदनाताईंच्या घरी जेवायला तांदळाची भाकरी, वालाची भाजी आणि सुक्या जवळ्याची चटणी होती. भाकरी करताना मी चुलीजवळ जाऊन बसले, कारण मला त्यातलं शास्त्र बघायचं होतं. आमच्याकडे ज्वारीची भाकरी कोरड्या पिठावर थापतात. इथे पिठाची उकड काढतात आणि हात सारखा पाण्यात बुडवतात. ती पांढरी, पातळ आणि इतकी मऊ होते की बार्शीचा माणूस तिला भाकरी म्हणायला आधी कचरतो आणि चौथी मागून घेतो. मी तीन खाल्ल्या.

पण ताट पुढे आलं तेव्हा माझी भाकरी मोडून ठेवलेली होती. चार सारखे तुकडे. बाकी कोणाच्या ताटात मोडलेली नव्हती. वंदनाताईंनी ते इतक्या सहज केलं होतं की त्यांना स्वतःलाही कळलं नसेल. मला वाईट वाटलं. दुसरी भाकरी मी स्वतः मोडली आणि अर्धी भाजीत पाडली.

सरळगावच्या पुढे

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपने निघालो. आमच्याकडे याला वडाप म्हणतात, इथे नुसतं जीप. माणसं कोंबायची पद्धत मात्र एकच. सरळगावला उतरून पुढे दोन मैल चालत. लोहाराच्या वाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. हल्ली कोणी काही चांगलं करतो असं कळलं की लोक मोबाइल घेऊन त्याच्या दारात उभे राहतात, आणि गणपतदादांना दारात उभी राहणारी माणसं आवडत नाहीत.

दारात पोहोचलो तर भट्टी थंड. भट्टीपुढे सारवलेलं. ऐरण धुऊन पुसून तिला हळदकुंकू लावलेलं, वर जास्वंदीचं फूल. हातोडे, सांडशी, कानस सगळं ओळीने मांडून ठेवलेलं. आणि एक सत्तरीचा, काळासावळा, रुंद पंजांचा माणूस स्वच्छ बनियन घालून ओट्यावर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेला.

"आज अवस हाय," गणपतदादा म्हणाले. "अवसेला आमी लोखंडाला हात लावत नाय."

वंदनाताईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! मी पौर्निमेचं बरोबर ध्यानात ठेवते, विहारात जावाचं असतं ना. अवस कोन बगतंय आमच्याकडं!"

सुतार-लोहारांची अमावस्येची सुट्टी आमच्या बार्शीतही असते, हे मला आठवायला हवं होतं. पण मी मुलीच्या घरात दीड वर्ष राहिलेली बाई, मला वारसुद्धा धड आठवत नव्हते. एकीला फक्त पौर्णिमा ठाऊक, दुसरीला काहीच नाही, अशा आम्ही दोघी उन्हात दोन मैल चालून आलो होतो. मला हसू आलं आणि रडूही. घर भाड्याने मागणाऱ्या त्या माणसाला उद्या संध्याकाळी उत्तर द्यायचं होतं.

गणपतदादांच्या बायको, सुगंधाबाई, गवती चहा घातलेला कोरा चहा आणि नैवेद्याच्या नारळाचे तुकडे घेऊन आल्या. नारळाचा तुकडा मी डाव्या हाताने घेतला. ते दादांनी बघितलं.

"उजव्याला काय झालं?"

मी सांगितलं. सांगून झाल्यावर लोक साधारणपणे 'अरेरे' म्हणतात. दादांनी म्हटलं नाही. ते उठले, परसात गेले आणि ओल्या मातीचा एक गोळा घेऊन आले. काकडीएवढा लांब. "माती चालते अवसेला," ते म्हणाले. "मूठ आवला. चाकू धरता तशी. जोरात."

मी मूठ आवळली. माती बोटांच्या फटींतून वर आली. उघडली तेव्हा चार बोटांच्या चार खोल खाचा दिसत होत्या आणि तळव्याचा एक मोठा उंचवटा. अंगठ्याच्या जागी माती तशीच गुळगुळीत होती. अंगठा गेला हे मला दीड वर्ष ठाऊक होतं, पण असा पुरावा मी पहिल्यांदाच बघत होते.

दादा गोळा उलटसुलट करून बघत होते. "चार बोटांना लय ताकद हाय," ते म्हणाले. "मंग अंगठ्याला काम देवाचंच नाय. त्याला कशाला ओढता मधी?"

इतकं सोपं वाक्य मला कोणी बोललं नव्हतं. डॉक्टर बोलले नव्हते, मुलगी बोलली नव्हती आणि दुकानदार तर नाहीच.

मग त्यांनी बायकोला हाक मारली. "सुगंधे, माळ्यावरचा बाबांचा चाकू काढ गो. मला हात लावाचा नाय."

सुगंधाबाई माळ्यावर चढल्या. दादा खालून हात मांडीखाली दाबून रस्ता सांगत राहिले: "डाव्या अंगाला. नाय गो, त्याच्या म्होरं. टोपलीच्या खाली." शेवटी खाली आला तो वीतभर लाकडाचा, तेलाने काळा पडलेला मिटता चाकू. त्याच्या पाठीवर पात्याचीच एक शेपटी बाहेर आलेली होती, करंगळीएवढी. सुगंधाबाईंनी मूठ धरली, ती शेपटी मांडीवर दाबली आणि पातं निमूट बाहेर आलं. आवाज नाही, उसळणं नाही. शेपटी मुठीच्या पाठीवर येऊन पडली आणि त्यांच्या तळव्याखाली दबली. आता मूठ सोडल्याशिवाय पातं मिटणं शक्यच नव्हतं.

"ह्यो झाडावर चढनाऱ्यांचा," दादा म्हणाले. "झाडावर एक हात फांदीला. मंग चाकू उगडनार कसा? दुसरा हात आनाचा कुठून? म्हनून शेपूट. मांडीला दाबला, झाला. माझे बाबा लय करत. आता झाडावर कोन चढतंय."

मी तो चाकू हातात घेतला. म्हणजे घ्यायला गेले, तर सुगंधाबाईंनी तो माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवला आणि मागे सरकल्या. मला वाटलं त्या नाही म्हणताहेत. आम्ही दोघी त्या चाकूकडे बघत राहिलो. मग वंदनाताई हसून म्हणाल्या, "उचला ना बाई! पातं हातात देत नाय इथं, भांडन होतं." आमच्याकडे हे मिठाचं असतं. आमच्याकडे भांडण मिठाने होतं, इथे लोखंडाने.

मी उचलला आणि मांडीवर दाबला. उघडला नाही. पुन्हा दाबला. गंजलेला होता हे खरं, पण सुगंधाबाईंनी उघडलाच होता की. माझ्या हाताला तो उघडला नाही.

"उद्या या," गणपतदादा म्हणाले. "नवा करू."

मातीचा गोळा त्यांनी कौलांवर वाळत ठेवला. परत किन्हवलीला येताना ऋताचा फोन आला. उद्याच्या उत्तराची आठवण आहे ना आणि मी गोळ्या घेतल्या का, हे दोन प्रश्न. मी दोन्हींना 'हो' म्हटलं, आणि त्यातलं एकच खरं होतं.

तिथेच, दुसऱ्या दिवशी

सकाळी पोहोचलो तेव्हा भट्टी लाल होती. भात्याच्या जागी आता विजेचा पंखा आहे. तो बारीक घुंघुं करत होता आणि दादा त्याच्यावर खेकसत होते. ट्रकच्या मोडक्या कमानपाट्याचा एक तुकडा त्यांनी निखाऱ्यात घातला. "हा पाटा हजार खड्डे खाल्लेला हाय," ते म्हणाले. "याला तुमचा पेरू काय जड जानार."

पुढचे दोन तास मी वर्गात पहिल्या बाकावर बसलेल्या पोरीसारखी बघत होते. लोखंड केशरी झालं की बाहेर, चार घाव, पुन्हा आत. पात्याची लांबी त्यांनी चार बोटं ठेवली. "यापेक्षा मोठा केला तर लोक घाबरतात. ल्हान केला तर कलिंगडाला पुरत नाय." मूठ धावड्याच्या लाकडाची. वाळलेला मातीचा गोळा शेजारी ठेवून ते कानशीने लाकडाला तेवढ्याच चार खाचा पाडत होते. अंगठ्याच्या बाजूला त्यांनी काहीच केलं नाही, ती सरळ ठेवली. मग पातं लाल करून पाणी दिलं. चर्र झालं, वाफ आली. नंतर ते पुन्हा निखाऱ्यांवर धरलं आणि रंग गव्हाळ व्हायची वाट बघत बसले. "कडक पानी र्‍हायला तर धारेचं तुकडं पडतात. नरम झालं तर धार वलते. मधलं पायजे."

खिळा ठोकून चाकू जोडला. जमिनीवर ठेवला. मी उचलला, मूठ धरली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण ती मूठ माझी होती. चारही बोटं आपापल्या जागी जाऊन बसली. मी शेपटी मांडीवर दाबली.

पातं अर्धं आलं आणि थांबलं.

मी दात आवळून दाबलं. मनगटात कळ आली. वंदनाताई पुढे झाल्या, "राहू द्या बाई, मी..." त्यांचा हात माझ्या हातापर्यंत आला होता.

"ताई, तुमी गप बसा," दादा म्हणाले. तालुक्याच्या कचेरीतल्या निवृत्त बाईंना इतक्या वर्षांत कोणी असं म्हटलं नसेल. त्या खरोखर गप्प बसल्या.

दादांनी खिळा थोडा सैल केला. आता चाकू उघडला, पण उलटा धरला की आपोआपही उघडू लागला. खिशात असा उघडला तर मांडीत जाईल. पुन्हा घट्ट केला, पुन्हा मला उघडेना. तिसऱ्यांदा त्यांनी हातोडा खाली ठेवला आणि माझ्या हाताकडे बघत म्हणाले, "चूक माजी. बाबांचा बगून केला मी. बाबा करत ते रेड्यासारख्या गड्यांना. त्यांच्या पंज्याला करंगलीएवढा शेपूट पुरं. तुमाला लांब पायजे. लांब शेपूट म्हंजे कमी जोर."

मी म्हटलं, "मग शेपटी लांब करता येईल?"

"काढता येते. जोडता नाय येत." ते उठले आणि कमानपाट्याचा दुसरा तुकडा शोधू लागले. "नवा पाता करतो. तुमचा टायम काय?"

माझी शहापूरहून दुपारची गाडी होती. मी वंदनाताईंकडे बघितलं. त्या अजून गप्पच होत्या, पण त्यांनी पायातल्या चपला काढून नीट बाजूला ठेवल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. सुगंधाबाईंनी काही न विचारता तांदूळ धुवायला घेतले.

दुसरं पातं व्हायला जेवणाची वेळ टळून गेली. आम्ही भात आणि भेंडीचं कालवण खाल्लं. दादा मात्र जेवले नाहीत. "भट्टी चालू असली की मी जेवत नाय" एवढंच म्हणाले. नव्या पात्याची शेपटी पहिल्याच्या दुप्पट होती. दिसायला बेढबच, पोपटापेक्षा त्याचं शेपूट मोठं असतं तशी. पहिल्या, आखूड शेपटीच्या पात्याला दादांनी दुसरी मूठ बसवायची ठरवून ते सुगंधाबाईंच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून दिलं.

चाकू जमिनीवर ठेवला. मी उचलला. यावेळी मी कोणाकडे बघितलं नाही. मांडीवर दाबला आणि पातं सरळ, शांतपणे, शेवटपर्यंत उघडलं.

मी तो मिटला. पुन्हा उघडला. मग मोजायचं सोडून दिलं. सुगंधाबाई म्हणाल्या, "आता साडी फाडाल गो," तेव्हा थांबले.

पण चाकूला धार नव्हती. मी पात्यावरून बोट फिरवलं तर नुसतं गार लोखंड लागलं. दादांनी पाण्याची बादली आणि एक झिजलेला दगड माझ्यासमोर ठेवला. "पयली धार ज्याची त्यानंच लावाची. मी लावली तर ती माज्या हाताची होते. मंग तुमी कापाल तवा तुमचा हात वाकडा धरतोय असा वाटंल तुमाला."

वंदनाताईंनी यावेळी तोंडावर पदर धरला आणि दुसरीकडे बघू लागल्या. मी दगडाला पाणी लावलं, चाकू धरला आणि ओढला. पातं घसरलं. दादांनी नुसतं डोळ्यांनी दाखवलं, थोडं झोपवा. मी झोपवलं. दगडावर एक करडी रेघ उमटली, मग दुसरी. अर्धा तास लागला. हाताला रग लागली होती, पण ती कामाची रग होती. व्यायामाच्या खोलीतल्या चेंडूने अशी रग कधी लागली नव्हती. शेवटी दादांनी अंगणातलं एक वाळकं पान उचलून हवेत धरलं. मी चाकू लावला. पान दोन झालं.

"जमला," गणपतदादा म्हणाले, आणि जेवायला गेले.

परत शहापूर

दुपारची गाडी गेलेलीच होती. वंदनाताईंना किन्हवलीची बस मिळाली. निघताना त्या म्हणाल्या, "बाई, पुढच्या पौर्निमेला या. अवसेला नको." मी एकटीच स्टँडबाहेर थांबले. ऊन कलायला लागलं होतं.

फुटपाथवर एक चाळिशीची बाई कांद्याच्या पातीच्या जुड्या घेऊन बसली होती. पातीची टोकं उन्हाने पिवळी पडलेली. ती एका हाताने गिऱ्हाइकाला जुडी देत होती आणि दुसऱ्या हाताने टोकं खुडत होती, म्हणजे कुठलंच काम धड होत नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं. "मावशे, चाकू-बिकू हाय का गो तुज्याकडं? माजा विला आज घरी र्‍हायला."

मी पिशवीतून चाकू काढला, मांडीला दाबला, एक जुडी उचलली आणि टोकं कापली. तिने ती जुडी हातात घेऊन बघितली.

"असा नाय गो! वाकडा कापलास बग. गिऱ्हाईक घेल का असा? सरल काप, सरल."

दीड वर्षात माझ्या हाताच्या कामाला कोणी नाव ठेवलं नव्हतं. नाव ठेवायला आधी काम करू द्यावं लागतं. मी फुटपाथवर तिच्या शेजारी बसले, दुसरी जुडी घेतली आणि सरळ कापली. तिने मान हलवली आणि तिसरी माझ्या मांडीवर टाकली. मग चौथी. बघता बघता माझ्यापुढे पिवळ्या टोकांचा ढीग झाला आणि हाताला कांद्याचा वास लागला.

पिशवीत फोन वाजला. मी तो डाव्या हाताने खांदा आणि कान यांच्यामध्ये अडकवला. ऋता होती.

"आई, कुठे आहेस तू? तो माणूस आलाय, समोर बसलाय. बार्शीच्या घराचं काय सांगू त्याला?"

"सांग की घर रिकामं नाहीये," मी म्हटलं. "आणि आता फोन ठेव, माझे दोन्ही हात कामात आहेत."